काचेच्या पोटातला ताण



आजच्या व्याख्यानाच्या विषयाला शास्त्रीय परिभाषेत ‘पदार्थांतील अवशिष्ट प्रतिबलांचे प्रकाशीय मापन’ असे म्हणतात. हे नाव फलकावर लिहिले असते तर सभागृहातील निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या असत्या. म्हणून आम्ही सोपे नाव दिले. नाव सोपे केले तरी विषय हलका होत नाही. ज्या वस्तूवर बाहेरून काडीचाही भार नाही, तिच्या पोटात मोठा ताण दडून राहू शकतो; तो डोळ्यांना दिसत नाही, वजनात येत नाही, हाताला लागत नाही; आणि तरीही एखाद्या दिवशी तोच त्या वस्तूचा घात करतो, किंवा उलट तोच तिचे रक्षण करतो. हा ताण ओळखायचा कसा, आणि नुसता ओळखायचा नव्हे तर मोजायचा कसा, एवढाच आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतला नाही हे दाखवण्यासाठी आपल्याच देशातले एक उदाहरण घेऊ. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातील फौजेपुढे एक चमत्कारिक अडचण उभी राहिली. तबेल्यांत साठवून ठेवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पावसाळ्यात आपोआप तडकू लागल्या. त्यांच्यावर कोणी घाव घातला नव्हता, की त्या बंदुकीत घातल्या नव्हत्या. याचा उलगडा १९२१ साली इंग्लंडातील धातुशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. तबेल्यात घोड्यांच्या मुतापासून अमोनिया वायू निघतो आणि दमट हवेत तो पितळेवर बसतो. परंतु नुसत्या अमोनियाने पितळ तडकत नाही. पुंगळी तयार करताना पितळेची चकती साच्यातून दाबून, ओढून लांब करतात. त्या ओढाताणीचा काही अंश धातूच्या अंगात शिल्लक राहतो. अमोनियाने निमित्त पुरवले. तडकवण्याचे बळ पुंगळीच्या अंगात आधीपासूनच होते. उपायही साधाच निघाला. तयार पुंगळ्या बेताच्या उष्णतेवर तापवल्या, की तो शिल्लक ताण सैल पडतो आणि मग अमोनियाची मात्रा चालत नाही.

या शिल्लक ताणालाच अवशिष्ट प्रतिबल म्हणतात. आम्ही येथे ‘शिल्लक ताण’ हाच शब्द वापरू. आता कोणी विचारील, की ओढणारा कोणी नसताना ताण कसा राहतो? याचे उत्तर आपल्या तबल्यात आहे. तबला गवसणीत असतो तेव्हा त्याला कोणी वाजवत नसते. तरीही त्याचे चामडे ताणलेले असते, वाद्या ताणलेल्या असतात, आणि त्यांच्यामध्ये लाकडी खोड दाबले जात असते. ओढ आणि दाब यांची बेरीज शून्य होते, म्हणून बाहेरून सारे शांत दिसते. पण एखादी वादी कापा, म्हणजे ती शांतता किती महाग होती ते कळेल.

दुसरे उदाहरण बैलगाडीच्या चाकाचे. लोहार लोखंडी धाव तांबडीलाल तापवून चाकावर चढवतो आणि वर पाणी ओततो. धाव निवताना आकसते, पण लाकूड तिला पुरते आकसू देत नाही. मग धाव कायमची ताणलेली राहते आणि लाकूड कायमचे आवळलेले राहते. या आवळण्यामुळेच चाक खडकाळ रस्त्यावर टिकते. या दोन दृष्टांतांवरून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, शिल्लक ताणात ओढीचा आणि दाबाचा हिशेब नेहमी एकमेकांत जुळलेला असतो. दुसरी, तो बहुधा विषम निवण्यातून किंवा विषम ठोकाठोकीतून जन्माला येतो. तबल्यात चामडे आणि लाकूड वेगळे आहेत. काचेत किंवा पोलादात मात्र एकाच पदार्थाचा एक थर दुसऱ्याला ओढतो, एवढाच फरक.

या गोष्टीचा सर्वांत नाट्यमय नमुना म्हणजे रूपर्टचे थेंब. वितळलेल्या काचेचा थेंब थंड पाण्यात टाकला, की लांब शेपटीचा एक काचमणी तयार होतो. ऱ्हाइनचा राजपुत्र रूपर्ट याने १६६० च्या सुमारास ते इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाला दाखवले आणि पुढे रॉयल सोसायटीच्या विद्वानांनी त्यांवर डोके चालवले. रॉबर्ट हूक याने १६६५ च्या आपल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात त्यांची चर्चा केली आहे. या थेंबाच्या डोक्यावर हातोडा मारला तरी ते फुटत नाही. पण शेपटीचे टोक बोटांनी मोडले, की सबंध थेंबाचा क्षणार्धात भुगा होतो. १९९४ मध्ये चंद्रशेखर आणि चौधरी या दोघा संशोधकांनी अतिशीघ्र छायाचित्रे घेऊन त्या तड्याचा वेग मोजला. तो सेकंदाला दीड किलोमीटरच्या घरात, किंबहुना त्याहून अधिक भरला. थेंब असा का वागतो? पाण्याने त्याचे वरचे कातडे आधी घट्ट झाले. आतली काच मागाहून निवली व आकसली. आकसताना तिने कातड्याला आत ओढले. कातडे दाबात गेले आणि गाभा ओढीत गेला. काच तडकते ती ओढीमुळे, दाबामुळे नव्हे. म्हणून दाबातले कातडे म्हणजे चिलखतच. मात्र ते चिलखत भेदून तडा एकदा गाभ्यात शिरला, की कोंडलेली सारी शक्ती मोकाट सुटते.

एवंच, शिल्लक ताण हा जात्याच वैरी नाही आणि जात्याच मित्रही नाही. तो कोठे आहे, किती आहे, आणि ओढीचा आहे की दाबाचा, यावर सारे अवलंबून. पुंगळीत तो घातक ठरला, गाडीच्या चाकात उपकारक. पुण्याच्या तांबट आळीत हातोडीने भांडे मठारतात, त्याने पत्रा कडक होतो आणि वारंवार ठोकल्यास तडकण्याची भीती असते, म्हणून कारागीर मधून मधून भांडे भट्टीत तापवून घेतो. उलट ट्रकच्या कमानपाट्यांवर कारखान्यात मुद्दाम लोखंडी छऱ्यांचा मारा करतात, कारण त्यामुळे पाट्याचे कातडे दाबात जाते आणि पाटा अधिक टिकतो. एका ठिकाणी ताण घालवायचा, दुसऱ्या ठिकाणी मुद्दाम पेरायचा. मोजमापावाचून यात विवेक कसा करणार?

काचेच्या कारखान्यात ही विद्या फार जुनी आहे. आपल्या महाराष्ट्रात १९०८ साली तळेगावास पैसा फंडातून काचकारखाना निघाला हे पुष्कळांना ठाऊक असेल. कोणताही काचकारखाना घ्या, फुंकून तयार झालेला माल एकदम वाऱ्यावर ठेवत नाहीत. तो वेगळ्या भट्टीत हळूहळू निववतात. यास अनुशीतन म्हणतात. वस्तू जितकी जाड, तितके अनुशीतन दीर्घ. अमेरिकेतील पॅलोमार वेधशाळेच्या २०० इंची आरशासाठी १९३४ च्या डिसेंबरात जी काचेची चकती ओतली, तिला निववण्यास सुमारे दहा महिने लागले. घाई केली असती तर चकतीच्या पोटात ताण राहिला असता, आणि घासताना ती फुटली असती किंवा तिचा आकार बिघडला असता.

परंतु नीट निवली की नाही हे कळायचे कसे? एक मार्ग सर्वांना सुचण्यासारखा आहे. वस्तू कापून किंवा फोडून पाहायची. सुताराला हा अनुभव नेहमीचा. एखादी फळी उभी चिरताना दोन्ही पाने एकदम फाकतात किंवा उलट करवतच आवळली जाते. फळीत ताण होता आणि करवतीने तो मोकळा केला. किती फाकले ते मोजा, म्हणजे किती ताण होता त्याचा हिशेब लागतो. हा मार्ग खोटा नाही. त्याचे वैगुण्य एवढेच, की ज्या वस्तूची परीक्षा झाली ती वस्तू परीक्षेत खर्ची पडली. आणि जी वापरायची तिची परीक्षा झालीच नाही.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. ती रास्त आहे, कारण सारी शिते एकाच भांड्यात, एकाच आधणात शिजलेली असतात. परंतु काचेची प्रत्येक तावदाने, पोलादाचा प्रत्येक सांधा, हे आपापल्या स्वतंत्र आधणात शिजलेले असतात असे समजा. एकावर वाऱ्याचा झोत जास्त बसला, दुसऱ्यावर कमी; एका सांध्याला जोडारी सावकाश जोडत गेला, दुसऱ्याला जेवणाच्या सुट्टीच्या घाईत. येथे एका शितावरून भात ठरवणे धोक्याचे. म्हणून वस्तू न मोडता तिच्या पोटातले सांगणारा कोणी साक्षीदार हवा. पारदर्शक पदार्थांपुरता तो साक्षीदार सापडला आहे. तो म्हणजे प्रकाश.

प्रकाशाला हे कसे कळते ते पाहू. प्रकाश हा तरंग आहे आणि त्याचे कंपन चालण्याच्या दिशेला आडवे असते. साध्या उजेडात हे कंपन सर्व दिशांनी होत असते. खिडकीच्या उभ्या गजांमधून एक दोरी ओवा आणि हलवा. वरखाली दिलेली लाट पलीकडे जाते, आडवी दिलेली गजांवर अडते. काही पदार्थ प्रकाशाला अशाच गजांचे काम करतात. त्यांतून बाहेर पडलेल्या, एकाच दिशेने कंपणाऱ्या प्रकाशाला ध्रुवित प्रकाश म्हणतात. आता एक खिडकी उभ्या गजांची आणि तिच्यामागे दुसरी आडव्या गजांची ठेवली, तर काहीच पलीकडे जाणार नाही, पूर्ण अंधार. हा अंधार फार उपयोगाचा आहे.

डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८१५-१६ च्या सुमारास दाखवून दिले, की अशा दोन खिडक्यांच्या मध्ये दाबलेली काच ठेवली तर अंधारातून उजेड व रंग उमटतात. मुलांच्या खेळण्यातला शोभादर्शक शोधणारा तो हाच ब्रूस्टर. ताण नसलेली काच सर्व दिशांनी सारखी असते. ताण पडला, की ओढीच्या दिशेने कंपणारा प्रकाश एका वेगाने जातो आणि तिच्या काटकोनात कंपणारा दुसऱ्या वेगाने. दोन सोबती बरोबर निघाले आणि एक जरासा मागे पडला, असे होते. पलीकडच्या खिडकीत दोघांची गाठ पडते तेव्हा त्या मागे पडण्यावरून उजेड आणि रंग ठरतात. पुलाच्या कमानीत भार कसा वाटला जातो हे पाहण्यासाठी काचेच्या प्रतिकृती करून त्यांतून असा प्रकाश पाठवावा, ही सूचनाही ब्रूस्टरचीच.

पुढे १८४७ मध्ये पंधरा वर्षांच्या जेम्स क्लार्क मॅक्सवेलला एडिंबरो येथे विल्यम निकोल याची प्रयोगशाळा पाहण्यास मिळाली. ध्रुवित प्रकाश निर्माण करणारे जे लोलक निकोलच्या नावाने प्रसिद्ध आहेत, तोच हा निकोल. मुलगा घरी परतला, खिडकीच्या काचेचे तुकडे तांबडे होईपर्यंत तापवून झटकन निववू लागला, आणि त्यांच्या पोटात उमटणाऱ्या रंगीत आकृत्यांची जलरंगात चित्रे काढू लागला. ती पाहून निकोलने त्याला स्वतः घडवलेले दोन लोलक भेट दिले. विद्युत् आणि चुंबकत्व यांचे एकीकरण करणारा थोर मॅक्सवेल आरंभी काचेतील शिल्लक ताणाची चित्रे रंगवत होता, ही गोष्ट आमच्या विषयाला भूषणावह आहे.

त्या काळी असे लोलक फार महाग. आज तीच किमया प्लास्टिकच्या पातळ पत्र्याने होते. येथे मेजावर असे दोन पत्रे आहेत. एक दुसऱ्यावर आडवा धरला की दिव्याचा उजेड बंद होतो. आता यांच्या मध्ये शाळकरी मुलांची ही प्लास्टिकची पट्टी धरतो. पुढच्या रांगांना इंद्रधनुष्यासारखे पट्टे स्पष्ट दिसतील. ज्या टोकाला साच्यातून रस आत शिरला तेथे ते दाटलेले आहेत. आता हा काचेचा साधा, नीट निववलेला तुकडा. पाहा, अंधार तसाच राहिला. आणि हा घाईने निववलेला. यात उजेडाचे ढग दिसत आहेत. दोन्ही तुकडे हातात घेऊन, बोटांनी चाचपून, तराजूत घालून यांतला भेद कोणाला सांगता येणार नाही. घरी गेल्यावर हा प्रयोग कोणालाही करता येईल. संगणकाच्या सपाट पडद्यातून येणारा उजेड बहुधा ध्रुवित असतो. त्याच्यापुढे पट्टी धरून ध्रुवक काचांचा गॉगल डोळ्यांवर चढवावा आणि मान जरा तिरपी करावी. तोच गॉगल घालून मोटारीच्या मागल्या काचेकडे निळ्या आकाशाच्या उजेडात पाहिले, तर त्या काचेवर ठिपक्यांची नक्षी दिसते. ती मळ नव्हे. कारखान्यात जेथे जेथे वाऱ्याचे झोत बसले त्यांच्या त्या खुणा आहेत.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. रंग दिसला म्हणजे मोजमाप झाले असे नव्हे. शिवाय प्लास्टिकमधले सगळेच रंग ताणाचे नसतात. साच्यात रस वाहताना त्याचे लांबलचक रेणू एका दिशेने लोळतात, त्यामुळेही रंग येतात. काचेचा मामला अधिक स्वच्छ आहे. तेथे आकडा काढण्याची रीत तराजूसारखी आहे. एका पारड्यात ताणलेल्या काचेने मागे पाडलेला प्रकाश. दुसऱ्यात आपण स्फटिकाच्या पाचरीने उलट दिशेचा, माहीत असलेला फरक टाकत जायचा. ज्या क्षणी पुन्हा पूर्ण अंधार होतो त्या क्षणी पारडी समतोल झाली. पाचर किती सरकवली ते वाचा, हाच हिशेब.

हा हिशेब किती नाजूक आहे ते एका उदाहरणावरून कळेल. ताण मोजण्याचे एकक मेगापास्कल. एक मेगापास्कल म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १० किलोंचा भार. खिडकीच्या नेहमीच्या काचेत १० मेगापास्कल ताण असेल आणि प्रकाश त्यातून १ सेंटिमीटर चालला, तर दोन सोबत्यांत पडणारे अंतर सुमारे २७० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा सुमारे ३,७०० वा भाग. इतके सूक्ष्म अंतर कोणत्याही फूटपट्टीने मोजता येणार नाही. परंतु प्रकाशाची स्वतःची तरंगलांबीच ४०० ते ७०० नॅनोमीटर आहे. त्यामुळे त्याला हे अंतर मोठे वाटते. सूक्ष्म वस्तू मोजायला मापही सूक्ष्म हवे, एवढाच यातला मुद्दा.

आता या विद्येची खरी अडचण. प्रकाश साक्ष देतो ती वाटेत भेटलेल्या सर्वांची मिळून एकत्रित देतो. आजकाल दुकानांच्या दारांना, न्हाणीघरांना, उंच इमारतींच्या दर्शनी भागांना जी कडक केलेली काच बसवतात, तिच्या बाबतीत ही अडचण फार बोचते. ही काच सुमारे ६२० अंश सेल्सियसपर्यंत तापवून दोन्ही बाजूंनी थंड वाऱ्याचे झोत सोडून निववतात. म्हणजे रूपर्टच्या थेंबाचीच ही शिस्तीत वाढलेली भावंडे. १० मिलिमीटर जाड काचेत दोन्ही बाजूंचा सुमारे दोन-दोन मिलिमीटरांचा थर दाबात असतो आणि मधला गाभा ओढीत. पूर्ण कडक काचेच्या पृष्ठावर निदान ६९ मेगापास्कल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ७०० किलो दाब असावा असे अमेरिकन प्रमाण आहे. परंतु समोरून आरपार प्रकाश पाठवला तर काय होते? दाबाच्या थरात जो सोबती मागे पडला तोच ओढीच्या थरात तितकाच पुढे येतो. जमा आणि खर्च सारखे, शिल्लक शून्य. काच चांगली कडक केलेली असो वा मुळीच केलेली नसो, समोरून दिसते ते जवळजवळ सारखेच.

यावर दोन युक्त्या निघाल्या आहेत. आजची सपाट काच वितळलेल्या कथलावर तरंगवून करतात. त्यामुळे एका बाजूच्या कातड्यात कथलाचा अंश शिरतो आणि ते कातडे प्रकाशाला आपल्यात पकडून ठेवते. काचेवर लोलक टेकवून प्रकाश त्या कातड्यात तिरपा शिरवला, की तो गाभ्यात न जाता पृष्ठालगत थोडे अंतर चालतो आणि दुसऱ्या लोलकातून बाहेर येऊन केवळ कातड्याचीच साक्ष देतो. दुसऱ्या युक्तीत लेसरचा किरण काचेत तिरपा सोडतात. अंधाऱ्या खोलीत कवडशातील धूळ चमकते, तसा या किरणाच्या वाटेतला थोडा प्रकाश काचेतच विखुरतो. ताणामुळे किरणाचे ध्रुवण बदलत जाते, तसा या विखुरलेल्या उजेडाचा जोरही कमीजास्त होतो. तो वाटेत ठिकठिकाणी पाहत गेले, की पृष्ठापासून गाभ्यापर्यंत ताणाची चढउतार उलगडते. एकत्रित साक्षीऐवजी पायरीपायरीची साक्ष मिळते.

एस्टोनिया देशातील टालिन येथे हिलार आबेन यांनी या विद्येचा आयुष्यभर पाठपुरावा केला. गोल, वाकड्या, पोकळ काचवस्तूंतून प्रकाश वेगवेगळ्या वाटांनी पाठवून, आलेल्या साक्षी गणिताने जुळवून आतल्या ताणाचे चित्र काढायचे, ही त्यांची रीत. २०१६ मध्ये आबेन आणि त्यांचे सहकारी यांनी, ज्यांत वर सांगितलेले चंद्रशेखर आणि चौधरीही होते, रूपर्टच्या थेंबांचे असे मापन प्रसिद्ध केले. थेंब त्याच्याइतक्याच वक्रीभवनाच्या द्रवात बुडवला, की प्रकाश त्याच्या गोलाईवर वाकत नाही, सरळ जातो. डोक्याच्या पृष्ठावर दाब ७०० मेगापास्कलपर्यंत भरला. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ७ टन. आणि हे दाबाचे कातडे डोक्याच्या व्यासाच्या सुमारे एक दशांश जाड निघाले. १६६० पासून हातोडा जे सांगत होता, त्याचा आकडा सांगण्यास प्रकाशाला साडेतीनशे वर्षे लागली. थेंब मात्र शाबूत राहिला.

कोणी म्हणेल, काचेचे ठीक; पण लोखंड तर पारदर्शक नाही. खरे आहे. तेथे प्रकाश आत जात नाही, म्हणून त्याला दाराशी उभे राहून साक्ष द्यावी लागते. १९३४ मध्ये जर्मनीतील माथार याने एक रीत सांगितली. ताण असलेल्या धातूत बारीक भोक पाडले, की भोकाभोवतीचा धातू किंचित सरकतो. तो सरकणे मोजले की ताण निघतो. सुताराच्या करवतीचाच हा सभ्य अवतार. पूर्वी हे सरकणे भोकाशेजारी चिकटवलेल्या तारेच्या पट्ट्यांनी मोजत. १९६० मध्ये लेसर आला आणि चित्र पालटले. लेसरचा झोत खडबडीत धातूवर पडला, की तेथे बारीक तेजस्वी कणांची रांगोळी उमटते. भोक पाडण्याआधीची रांगोळी आणि नंतरची रांगोळी यांची वजाबाकी केली, की भोकाभोवती फुलाच्या पाकळ्यांसारखे काळे-पांढरे पट्टे दिसतात. एकेक पट्टा साधारणपणे अर्ध्या तरंगलांबीइतके सरकणे दाखवतो. तारेच्या पट्ट्या तीन ठिकाणची खबर देतात. प्रकाश भोकाभोवतीच्या सबंध मैदानाची देतो. वस्तूला एक-दोन मिलिमीटरची जखम होते हे कबूल. पण ती मोडावी लागत नाही.

सिलिकॉनसारख्या स्फटिकांच्या बाबतीत मदतीला येतो तो आपल्याच देशातला शोध. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांनी जो परिणाम शोधला, त्यात पदार्थावरून विखुरलेल्या प्रकाशाच्या रंगात अणूंच्या कंपनानुसार किंचित फरक पडतो. सिलिकॉनच्या बाबतीत हा फरक दर सेंटिमीटरला ५२० तरंग, असा ठरलेला. स्फटिक दाबात असेल तर हा आकडा थोडा वाढतो, ओढीत असेल तर थोडा घटतो. शेकडो मेगापास्कल ताण असला तरी तो एखाद-दुसऱ्या एककानेच सरकतो. पण तेवढे सरकणे आजच्या वर्णपटमापकाला पुरते. तंबोऱ्याची तार पिळली की सूर चढतो, तसाच हा प्रकार. लेसरचा ठिपका अतिशय बारीक करता येत असल्यामुळे संगणकाच्या चिपेवरील केसाहून बारीक जागेतला ताणही याने वाचता येतो. रामन यांच्या हाती त्या काळी अगदी साधी उपकरणे होती. त्यांचा शोध कारखान्यात काम करील हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नसेल.

आता या साऱ्याचा नागरिकांशी संबंध काय? कडक काचेची पारखण्याची रूढ कसोटी अशी आहे, की नमुन्याची एक काच टोकदार हातोडीने फोडायची आणि ठरावीक चौकोनात किती तुकडे पडले ते मोजायचे. युरोपीय प्रमाणानुसार ५० मिलिमीटरच्या चौकोनात किमान ४० तुकडे पडावे लागतात. आपल्याकडेही सुरक्षा-काचेसाठी ‘आयएस २५५३’ हे भारतीय मानक आहे. तुकडे बारीक पडले तर माणूस वाचतो. मोठी सुऱ्यासारखी पाती पडली तर रक्त सांडते. म्हणून ही कसोटी आवश्यकच आहे, आणि तिची आम्ही निंदा करत नाही. पण ती शिताची कसोटी आहे. जी काच फुटली ती उत्तम होती, एवढे ती सिद्ध करते. जी काच आपल्या मुलांच्या शाळेच्या जिन्याला लावली, तिच्याबद्दल ती फक्त अंदाज देते. प्रकाशाने मोजलेली काच मात्र तीच काच असते, जी आपण बसवतो. आणि बसवल्यावरही तिच्यावर उपकरण टेकवून पुन्हा मोजता येते. दार घेताना, वसाहतीच्या इमारतीला काच लावताना, ‘ही कडक केलेली आहे’ या विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर न थांबता ‘पृष्ठावरचा दाब मोजला का, किती भरला?’ एवढे विचारण्याचा हक्क प्रत्येकास आहे. असे विचारणारे वाढले, की मोजणारेही वाढतील.

तथापि प्रकाशालाही सर्वज्ञ मानू नये. कडक काचेत निकेल सल्फाइडचा डोळ्यांना न दिसणारा कण राहिला, तर तो कालांतराने फुगतो आणि काच कोणी हात न लावता एके दिवशी फुटते. ताणाचे मापन अशा कणाचा पत्ता देत नाही. त्यासाठी काचा बसवण्याआधी काही तास भट्टीत तापवून दुबळ्या काचा तेथेच फुटू देतात. प्रत्येक साक्षीदाराला त्याच्या माहितीपुरतेच विचारावे, हा न्यायालयातला नियम विज्ञानातही लागू आहे.

माणसाने शतकानुशतके वस्तूची परीक्षा ती मोडून केली. मोडण्याने वस्तू कळते खरी, पण कळते तेव्हा ती आपल्याजवळ उरत नाही. ब्रूस्टरपासून आबेनपर्यंत दोनशे वर्षांची ही परंपरा आपल्याला इतकेच सांगते, की वस्तूला न दुखवता तिच्या अंतरीचे जाणता येते. मात्र त्यासाठी तिच्याकडे योग्य उजेडात पाहावे लागते, आणि जे दिसले त्यावर न थांबता ते मोजावे लागते. नुसता रंग पाहून ‘ताण आहे’ म्हणणारा पाहणारा झाला. ‘इतका आहे, येथे आहे आणि या दिशेचा आहे’ असे सांगणारा जाणता झाला. घरांतून, रस्त्यांतून, दवाखान्यांतून काच आणि पोलाद दिवसेंदिवस अधिक येत आहे. त्यांच्यावर विसंबणाऱ्या समाजाला आता जाणत्यांची गरज आहे, आणि त्यांच्याकडे आकडा मागणाऱ्या नागरिकांचीही.

 मेजावरचे दोन पत्रे आणि काचेचे तुकडे येथेच आहेत. ज्यांना ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे असतील त्यांनी अवश्य पुढे यावे.